रिपोर्ट नॉर्मल, तरी छाती धडधडते

पत्र

मी २४ वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते, ऑफिस लोअर परळला. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला. आठ दिवसांत ताप उतरला, प्लेटलेटही वर आल्या, पण तेव्हा सुरू झालेली छातीतली धडधड काही थांबली नाही. सकाळी अंथरुणातून उठले की हातातलं घड्याळ १२०-१३० दाखवतं. दिवसातून पन्नास वेळा तरी मी ते बघते. दादरपर्यंत गाडीत उभं राहिलं की हातपाय गार पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा तर ठाण्यालाच उतरून फलाटावर बसावं लागलं. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड झालं. होल्टरही झाला, त्या दिवशी सुट्टी घेऊन घरीच होते. हिमोग्लोबिन ११.२ आहे, ‘मुलींचं असतंच’ म्हणाले. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे, टेन्शन कमी घे. बाबा म्हणतात मोबाइल कमी कर. आजीने दोनदा दृष्ट काढली. आई म्हणते, स्थळं बघतोय, बाहेर कुठे बोलू नकोस. हे खरंच माझ्या मनाचे खेळ आहेत का? माणसाचे ठोके मोजून दिलेले असतात म्हणतात, मग माझे लवकर संपणार का? आणि मुलाकडच्यांना सांगायचं की नाही?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू तीन प्रश्न विचारलेस, पण मला सगळ्यात आधी दिसलं ते तू सहज लिहून गेलेलं एक वाक्य: उठले की १२०-१३०. झोपलेली असताना किती, ते तू लिहिलं नाहीस. बहुतेक कुणी विचारलंच नसेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. नाही, हे मनाचे खेळ वाटत नाहीत. आणि हे मी चुकांतून शिकलेली डॉक्टर सांगते आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात कॉलेजातली एक मुलगी यायची. धडधड, थकवा, चक्कर. तीन वेळा आली. तिन्ही वेळा मी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं, नाडी बघितली, ९० च्या आसपास लागली, आणि परीक्षेचं टेन्शन म्हणून झोपेची हलकी गोळी लिहून दिली. चौथ्या खेपेला बाहेर गर्दी होती. नंबर येईपर्यंत ती भिंतीशी उभी होती आणि उभ्या उभ्याच खाली बसली. आत आणून झोपवलं तेव्हा नाडी ७८. पाच मिनिटांनी उभं केलं, १२६. तीन खेपांमध्ये मी तिला एकदाही उभं करून नाडी मोजली नव्हती. त्या दिवसापासून धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुण पेशंटला मी आधी झोपवते आणि मग उभं करते.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. निरोगी शरीर खालच्या रक्तवाहिन्या लगेच आवळून घेतं, ठोके दहा-वीसने वाढतात आणि आपल्याला काही कळतही नाही. काही जणांचं हे आवळणं कमी पडतं. मग मेंदूपर्यंत रक्त पोचवायला हृदय वेगाने धावतं, त्यासाठी शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, आणि अ‍ॅड्रेनलिन आलं की हात थरथरतात, तळवे गार पडून घाम फुटतो, पोटात खड्डा पडतो. हुबेहूब भीतीसारखं. म्हणून डॉक्टरांना टेन्शन दिसतं आणि तुलाही वाटतं की आपण घाबरट आहोत. पण क्रम बघ: आधी ठोके, मग भीती. काळजीमुळे धडधड वाढते हेही खरं, ते मी नाकारत नाही. मात्र जी धडधड अंथरुणातून उठताच रोज येते आणि आडवं झालं की उतरते, तिचं कारण मनात शोधण्याआधी शरीरात शोधायचं असतं.

या त्रासाला पॉट्स म्हणतात. लांब नाव पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढायचे (किशोरवयात ४०), बीपी फारसं पडायचं नाही, आणि हे किमान तीन महिने चाललेलं असायचं, अशी त्याची व्याख्या आहे. विषाणूच्या तापानंतर सुरू होणं नेहमीचं. कोविडनंतर असे रुग्ण जगभर वाढले. नाव १९९३ चं, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी दिलेलं, पण त्रास जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तापातून किंवा जुलाबांतून उठलेले तरुण सैनिक धडधड आणि धाप घेऊन इस्पितळात यायचे, हृदय तपासलं तर धड. डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. ते सगळे आजार आजच्या व्याख्येत बसतील असं नाही, पण हे तुला मुद्दाम सांगते, कारण हल्ली हा त्रास जास्त करून तरुण मुलींना होतो आणि म्हणूनच तो चोचल्यांत जमा होतो. ते सैनिक होते. त्यांना कुणी मोबाइल कमी कर म्हणालं नव्हतं.

तुला पॉट्सच आहे, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. आधी दोन गोष्टी अर्धवट राहिल्यात त्या पूर्ण कर.

एक, ते ११.२. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या, म्हणून ‘मुलींचं असतंच’ हे वाक्य जन्माला आलं. असतंच म्हणजे चालतं, असं नाही. रक्त कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. एवढ्या कमतरतेने एकट्याने १३० होणार नाहीत, पण भर नक्की पडेल. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ तपासून घे, शाकाहारी असशील तर बी१२ नक्कीच. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. लोहाची गोळी सुरू झाली तर ती चहाबरोबर कधीच घ्यायची नाही; लिंबूपाण्याबरोबर घे, आणि चहा एक-दीड तास लांब ठेव. शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस.

दुसरी गोष्ट होल्टरची. चोवीस तास ठोके नोंदणारं यंत्र लावलं आणि तू दिवसभर घरी लोळलीस! त्यात काय सापडणार? परत लावायची वेळ आली तर कामाच्या दिवशी लाव. त्याच गाडीने जा, तशीच उभी राहा, आणि धडधड झाली की यंत्रावरचं बटण दाबून कागदावर वेळ लिही: ‘८.४०, मुंब्र्याच्या पुढे, उभी’. डॉक्टरांना आलेखाशेजारी ही ओळ दिसली की अर्धं काम होतं.

आता घरची चाचणी. रविवारी सकाळी, चहाच्या आधी. दहा मिनिटं उताणी पडून राहा, बोलायचं नाही, मोबाइल नाही. नाडी आणि घरात यंत्र असेल तर बीपी लिही. मग उभी राहा, भिंतीपासून हातभर लांब, पाय न हलवता, आणि दर दोन मिनिटांनी नाडी लिहीत दहा मिनिटं काढ. शेजारी माणूस हवं, मागे गादी हवी. अंधारी आली तर तिथेच बस, चाचणी संपली. किती मिनिटं उभी राहू शकलीस तेही उत्तरच आहे. नाडी घड्याळावर मोजू नकोस. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून तीस सेकंद मोज, दुप्पट कर. वेगवेगळ्या तीन दिवशी हे कर आणि तारखेपुढे पाळीचा कितवा दिवस तेही लिही, कारण पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो असं बऱ्याच जणी सांगतात.

हा एक कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. हृदयाच्या विद्युतलहरींचं काम बघणारे असतील तर उत्तम. फायली आणि घड्याळातले स्क्रीनशॉट नकोत. तुझं ऑफिस आहे त्याच भागात परळला महापालिकेचं केईएम रुग्णालय आहे, तिथे हृदयरोग विभाग आहे. रांग लावायला वेळ लागेल, पण खर्च परवडेल. गरज वाटली तर ते फळीवर झोपवून फळी उभी करण्याची चाचणी करतील, टिल्ट टेबल म्हणतात ती. झोपलेली असतानाही तुझे ठोके शंभरच्या वर निघाले, चोवीस तासांची सरासरी नव्वदच्या वर गेली आणि बाकी कारण सापडलं नाही, तर त्याला वेगळं नाव आहे, इनअ‍ॅप्रोप्रिएट सायनस टॅकिकार्डिया. आणि बटण दाबल्यासारखे ठोके क्षणात १८०-२०० वर जात असतील आणि तसेच क्षणात खाली येत असतील, तर ती तिसरीच भानगड: हृदयातलं शॉर्ट सर्किट. ते झटक्याच्या वेळी काढलेल्या ईसीजीत पकडता येतं, आणि बहुतेक वेळा नळी घालून कायमचं बंदही करता येतं.

काही लक्षणांवर मात्र वाट बघायची नसते. पळताना किंवा जिना चढताना शुद्ध जाणं, काही कळायच्या आत कोसळणं, श्रमाने छातीत दुखणं, एकच पाय सुजून अचानक दम लागणं. असं झालं तर सरळ १०८ लावायचा. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचं.

मोजून दिलेल्या ठोक्यांचं म्हणशील, तर आमची आजीही असंच म्हणायची. तसा हिशेब शरीरात नसतो. महिनोन्‌महिने रात्रंदिवस वेग उतरलाच नाही तर हृदयाचा स्नायू थकू शकतो हे खरं. म्हणूनच इको करतात, आणि तुझा इको चांगला आहे. पॉट्सने आयुष्य कमी होत नाही. दिवस अवघड होतात, ते मात्र होतात. बऱ्याच तरुण रुग्णांना वर्ष-दोन वर्षांत, कधी त्याहून जास्त काळाने, पुष्कळ बरं वाटू लागतं. काहींना तो पुढेही सोबत करतो.

म्हणून आता रोजच्या दिवसाचं बोलू. औषधापेक्षा यानेच जास्त फरक पडताना मी बघितला आहे.

उशाशी पाण्याची बाटली ठेव. जाग आली की आडव्यानेच कुशीवर वळून दोन पेले पाणी पी, पंधरा मिनिटं तशीच पडून राहा, मग पाय खाली सोडून बस, पावलं वरखाली हलव, मग उठ. दिवसभरात दोन ते तीन लिटर पाणी. मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरव: जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि पॉट्सच्या रुग्णाला त्याच्या दुपटीपर्यंतही सांगितलं जातं. बीपी आणि मूत्रपिंड ठीक असेल तरच. परवानगी मिळाली तर मीठ घातलेलं ताक, सोलकढी, तांदळाची पेज ही आपली जुनी औषधं आहेत. ग्लुकोजची पावडर मात्र नुसती साखर. तिने तुझं काम होणार नाही. प्रवासासाठी ओआरएसचं पाकीट ठेव.

आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर किंवा पाटावर बसून. कडकडीत पाण्याने रक्तवाहिन्या आणखी सैल पडतात. कडी लावू नकोस. पोळ्या लाटायच्या असतील तर ओट्याशी उंच स्टूल घे. उभ्याने वीस पोळ्या करून दाखवण्यात काही मोठेपण नाही. जेवण एका वेळी पोटभर नको, थोडं थोडं चार-पाच वेळा. पोट तडस भरलं की रक्त तिकडे वळतं आणि जेवणानंतर धडधड वाढते. सोमवार किंवा चतुर्थी करत असशील तर वर्षभर निर्जळी उपास सोड. आजीला मी सांगितलं म्हणून सांग. रिकाम्या पोटी दोन कप चहा आणि दुपारी साबुदाणा, हा तुझ्यासाठी सगळ्यात वाईट दिवस.

गाडीत उभी असशील तेव्हा स्थिर उभी राहू नकोस. टाचा वर-खाली कर, पायाची अढी घालून मांड्या एकमेकींवर आवळ, पोट आत घे. पिंढरीचा स्नायू रक्त वर ढकलणारा पंपच आहे. डब्यात ‘कुठे उतरणार’ विचारतेस ना, त्याबरोबर एवढंच म्हण: मला उभं राहिलं की चक्कर येते, चौथी सीट मिळेल का. बायका देतात. आणि अंधारी आलीच तर डब्यात खाली बसून घे. कपडे धुता येतात. ठाण्याला उतरलीस ते शहाणपणाच केलंस. ऑफिसात पत्र देऊन वेळ मागे-पुढे करून घेता येते का बघ. अकराच्या गाडीला बसायला मिळत असेल तर ते औषधाइतकं मोलाचं आहे. पायात घालायचे घट्ट मोजे कमरेपर्यंतचे असले तरच खरा उपयोग, पण मुंबईच्या उकाड्यात ते कुणी चार दिवसांवर घालत नाही. त्यापेक्षा बाळंतिणीला बांधतात तसा पोटपट्टा उभ्याच्या वेळेपुरता बांधून बघ. पोटात साचणारं रक्त त्याने थोपतं.

व्यायाम लागतो, पण उभ्याचा नको. चालायला जा, सूर्यनमस्कार घाल असं सगळे सांगतील. सूर्यनमस्कारात दर आवर्तनाला खाली-वर होतं. ते सहा महिन्यांनी. आता जमिनीवर पडून सेतुबंध, पाय उचलणं, आडव्याने सायकल मारणं. पोहायला मिळालं तर फारच छान. आठवड्यातून तीन-चार वेळा दहा मिनिटं, मग हळूहळू वाढव. पहिले तीन-चार आठवडे जास्त थकल्यासारखं वाटेल आणि सोडून द्यावंसं वाटेल. तिथे टिकून राहा. फरक दिसायला तीन महिने लागतात.

औषधं आहेत: प्रोप्रॅनोलॉल कमी मात्रेत, आयव्हाब्रॅडिन, आणखीही. पण मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घ्यायची ही औषधं नाहीत. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि लग्नानंतर मूल हवं असेल तर आयव्हाब्रॅडिनबद्दल आधी बोलावं लागतं, ते गरोदरपणात देत नाहीत. सर्दीच्या गोळ्या, एनर्जी ड्रिंक, वजन कमी करायच्या पावडरी यांनी ठोके वाढतात, त्या बंद. दम्याचा पंप असेल तर तो मात्र आपल्या मनाने थांबवू नकोस, डॉक्टरांना फक्त सांग.

आणि ते घड्याळ काढून ठेव. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी नाडी बघायची, लिहायची, विसरायची. पन्नास वेळा बघितलंस तर पन्नास वेळा छातीत चर्र होतं, आणि त्याचे ठोके पुन्हा वेगळे.

आता लग्नाचं. सांगायचं. पहिल्या पोह्यांच्या कार्यक्रमात नाही, तिथे मुलालाही कुणी त्याच्या पित्ताचं विचारत नाही. पण दोन-तीन भेटी झाल्या, होकाराचा विचार आला, की होकार देण्याआधी, त्याच्या घरच्यांना नाही तर त्याला, तू स्वतः सांगायचं. अमुक नावाचा त्रास आहे, जिवाला धोका नाही, मूल होण्यात अडचण नाही, खूप वेळ उभं राहवत नाही, पाणी-मीठ जास्त लागतं, औषध चालू आहे. एवढंच. हे ऐकून जो मागे सरकेल त्याच्या घरी तुला गौरी-गणपतीत चार तास ओट्याशी उभं राहायचं होतं, हे ध्यानात घे. लपवून लग्न केलंस तर पहिल्याच सणाला चक्कर येईल आणि मग सगळे म्हणतील, नवी सून नाटकं करते. पुन्हा तेच ऐकायचं का?

आई वाईट विचाराने गप्प राहा म्हणत नाहीये. तिला भीती वाटते, आणि तिच्या हातात रिपोर्ट दिले ते सगळे नॉर्मल. तिने तुझा त्रास अजून पाहिलेलाच नाही. म्हणून रविवारच्या चाचणीला शेजारी आईलाच बसव, आणि नाडी तिला मोजू दे. तू झोपलेली असताना दोन बोटं तुझ्या मनगटावर ठेवून तिने मोजायचं, मग तू उभी राहिल्यावर परत मोजायचं. तू काही बोलू नकोस. आकडे तिच्याच हाताने कागदावर लिहू दे.